शाळिग्रामाचा समुद्र

आमच्या देवघरात विष्णुपंचायतन आहे. मध्ये शाळिग्राम आणि त्याच्या चार बाजूंना बाणलिंग, शोणभद्र, स्फटिक आणि देवीचा सुवर्णमुखी दगड. बाणलिंग नर्मदेतलं, तांबडा शोणभद्र शोण नदीतला, शाळिग्राम गंडकीतला, एवढं आजीने पूजा शिकवताना सांगितलं होतं. शाळिग्रामाच्या एका अंगाला बारीक भोक होतं. दगड उजेडाकडे करून त्यातून आत पाहिलं की गोल गोल वळत गेलेल्या रेघा दिसायच्या. ते विष्णूचं चक्र. ते कुणी कोरलं, असं विचारलं की आजी म्हणायची, वज्रकीट नावाच्या किड्याने, स्वतःच्या दातांनी.

बऱ्याच वर्षांनी हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात, लांग्झा गावाच्या वरच्या उतारावर, काळ्या भुसभुशीत मातीत पडलेला एक फुटका गोटा मी वाकून पाहिला. आत तेच चक्र होतं. लांग्झा समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटरवर आहे. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी लांग्झा हजारभर मीटर वरच राहील. आणि त्या गोट्यात होतं ते समुद्रात पोहणाऱ्या एका प्राण्याचं कवच.

समुद्राचा तळ इतका वर कसा आला, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो आणि त्याचं उत्तर आता शाळेच्या पुस्तकातही मिळतं. मला त्याहून जास्त ओढ लागली ती दुसऱ्या प्रश्नाची. लांग्झाच्या भोवती डोंगरच डोंगर आहेत, त्यांत करडे, पांढरे, हिरवट, तपकिरी असे कितीतरी थर आहेत. मग हे चक्राचे गोटे नेमके त्या एका काळ्या थरातच का सापडतात? त्या थराला भूवैज्ञानिक ‘स्पिती शेल’ म्हणतात. हा लेख त्या थराबद्दल आहे.

आधी चिखल

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला जीवाश्म ही पुस्तकातली गोष्ट वाटते, त्याला कारण आपला दगड. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा. हजार अंशांच्या वर तापलेल्या त्या रसात सापडलेल्या जिवाचं सहसा काही उरत नाही. लाव्हाच्या दोन लोटांमधल्या काळात तळी साचली, त्या तळ्यांच्या गाळात नागपूरच्या बाजूला जीवाश्म मिळतात. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला तर जीवाश्म उद्यानच आहे. पण पुणे, सातारा, नाशिकच्या डोंगरांत पायपीट करणाऱ्याला दगडात शिंपला दिसत नाही.

त्यासाठी गाळाचा खडक लागतो. तो कसा होतो हे कोकणातल्या कुठल्याही खाडीत ओहोटीला उतरलं की कळतं. पाण्याला जोर असतो तिथे गोटे आणि जाड वाळू पडते, जोर कमी झाला की बारीक वाळू, आणि पाणी जवळजवळ निपचित असतं तिथे पाय रुतवणारा मऊ चिखल. कण जितका बारीक तितका तो दूर जातो आणि तितका उशिरा तळाला बसतो. समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. किनाऱ्याजवळ वाळू, आत खोल पाण्यात चिखल. जिथे नद्यांचा गाळ फारसा पोचत नाही अशा उबदार, उथळ पाण्यात शिंपल्यांचा आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांचा चुना साचतो.

हा गाळ वर्षानुवर्षं साचत राहिला की वरच्या थरांच्या वजनाने खालच्यातलं पाणी पिळून निघतं, कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या मधल्या फटींत पाण्यातून उतरलेली खनिजं बसतात आणि दगड तयार होतो. वाळूचा वालुकाश्म, चुन्याचा चुनखडक आणि चिखलाचा शेल. शेल ओळखायला सोपा आहे. त्याचे पापुद्रे सुटतात. चिखलातले मातीचे कण चपटे असतात, वजनाखाली ते पत्त्यांसारखे एकमेकांवर आडवे निजतात, म्हणून दगडही त्याच आडव्या रेषेत फुटतो.

एवढं समजलं की डोंगर वाचता येऊ लागतो. थर म्हणजे त्या जागी एके काळी पाणी कसं होतं, किती खोल होतं, किनारा किती दूर होता, याची नोंद. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. हिमालयात थरांना घड्या पडल्या आहेत आणि काही ठिकाणी ते उलटेही झालेत, म्हणून दर ठिकाणी वरची बाजू कोणती हे आधी तपासावं लागतं. नियम मात्र तोच.

स्पिती उघडी का

असे थर हिमालयात अनेक ठिकाणी आहेत, पण बहुतेक ठिकाणी त्यांच्यावर जंगल असतं किंवा माती. स्पितीत दोन्ही नाही. पीर पंजाल आणि मुख्य हिमालयाच्या रांगा पावसाळी ढगांना दक्षिणेलाच अडवतात, त्यामुळे पलीकडचं खोरं कोरडं ठणठणीत राहतं. महाबळेश्वरला धो धो आणि वाईच्या पुढे गेलं की रिपरिप, हे ज्याने पाहिलंय त्याला पर्जन्यछाया म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. स्पितीत तिचं टोक गाठलेलं आहे. उघड्या डोंगरावर थराची रेघ डोळ्यांनी मैलोन् मैल पुढे नेता येते. भूविज्ञानाचे विद्यार्थी आजही तिथे जातात ते यासाठीच.

उपनद्यांच्या खोऱ्यांतून हिंडत खालून वर आलं तर जवळजवळ अर्ध्या अब्ज वर्षांचे थर पाहायला मिळतात. पिन खोऱ्यातल्या मूद गावाजवळ पांढऱ्या कठीण दगडाचा पट्टा दुरूनही उठून दिसतो, तो सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या किनाऱ्याची वाळू. त्याच्या बऱ्याच वर, काळसर शेलच्या माथ्यावर, काही ठिकाणी लोहाचा गंजलेला तांबूस थर येतो, जेमतेम काही सेंटिमीटर जाडीचा. पाय ठेवून पुढे जावं इतका साधा. त्याच्या खालचे बहुतेक जीव त्याच्या वर दिसत नाहीत. २५.२ कोटी वर्षांपूर्वी समुद्रातल्या दर दहा जातींपैकी आठ-नऊ जाती नाहीशा झाल्या, तो हा काळ. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा विनाश स्पितीत एका पावलाखाली मावतो. त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवं, इथे ओलांडून पुढे जातो.

त्यानंतर चुनखडकाचे थर येतात आणि शेवटी क्योटो चुनखडक, उभ्या कड्यांचा, शेकडो मीटर जाडीचा. तेव्हा इथे उथळ, उबदार समुद्र होता. मग काही काळ जवळपास काहीच साचलं नाही. लोहाच्या बारीक गोळ्यांचा एक पातळ थर तेवढा त्या खंडाची खूण म्हणून राहिलाय. आणि त्याच्यावर एकदम रंग बदलतो. कडा संपून मऊ काळा उतार सुरू होतो.

काळा थर

स्पिती शेल साचला तो साधारण १६ कोटी ते १४ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, जुरासिक युगाच्या उत्तरार्धात आणि त्यापुढच्या क्रिटेशसच्या सुरुवातीला. भारताचा भूभाग तेव्हा विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला, गोंडवन या महाखंडाला जोडलेला होता. त्याच्या उत्तरेच्या किनाऱ्यापुढे एक मोठा समुद्र पसरला होता. ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस याने १८९३ मध्ये त्याला टेथिस हे ग्रीक सागरदेवतेचं नाव दिलं. आजची स्पिती म्हणजे त्या समुद्राचा भारताकडचा तळ.

या काळात पाणी खोल झालं. वादळी लाटांचा धक्काही पोचू नये इतकं. खाली फक्त चिखल बसत राहिला, अतिशय हळू. एक साधा हिशोब करू. थर २०० मीटर जाडीचा धरला आणि तो साचायला २ कोटी वर्षं लागली असं मानलं, तर हजार वर्षांना १ सेंटिमीटर होतो. ज्ञानेश्वरांपासून आजपर्यंतच्या काळात पाऊण सेंटिमीटर. अर्थात हा दाबून घट्ट झालेल्या दगडाचा हिशोब आहे, ओला चिखल याच्या कितीतरी पट जाड असणार. शिवाय गाळ एकसारखा साचत नाही, मध्ये मध्ये खंड पडतात. पण वेगाचा अंदाज यावा म्हणून एवढं पुरे.

रंग काळा का? कारण तळाशी प्राणवायू कमी होता. मेलेले सूक्ष्म जीव खाली पडत, त्यांचं पूर्ण विघटन होत नसे आणि त्यांतला कार्बन चिखलात तसाच राही. आपल्या खाडीतला चिखल वरून करडा दिसतो, पण काठीने उकरला की आतून काळा आणि वासाचा निघतो. तसंच.

आता गोट्यांकडे येतो, कारण सगळी किमया तिथे आहे. स्पिती शेलमध्ये मुठीएवढे, नारळाएवढे, कधी त्याहून मोठे कठीण गोटे विखुरलेले असतात. मऊ शेल थंडीने आणि बर्फाने भुगा होऊन वाहून जातो आणि गोटे उतारावर उरतात. ते नदीने घासून गोल केलेले नसतात. ते चिखलातच गोल झाले. मेलेला प्राणी तळाशी पडला, चिखलाखाली गेला, आणि प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू त्याच्या मांसावर तुटून पडले. त्यांच्या कामामुळे आसपासच्या पाण्याचं रसायन बदललं. त्यात विरघळलेला चुना, काही गोट्यांत फॉस्फेट किंवा सिलिका, नेमकी त्या शरीराभोवती उतरू लागली आणि चिखलाच्या कणांना सिमेंटसारखी बांधू लागली. मोदकाच्या पारीत सारण बंद व्हावं तसा प्राणी बंद झाला.

आणि हे सगळं लवकर झालं, वरचा भार वाढायच्या आधी. पुढे लाखो वर्षं चिखल दाबला गेला, त्यात सुटी राहिलेली कवचं पापडासारखी चपटी झाली. आज पापुद्र्यांवर त्यांचे ठसे मिळतात. गोट्यातलं कवच मात्र आपल्या मूळ फुगीर आकारात राहिलं, बरगड्यांसकट, कंगोऱ्यांसकट. चक्राचे गोटे या काळ्या थरातच का, याचं उत्तर हे आहे. चुनखडकाच्या समुद्रात हे चक्राचे प्राणी नव्हते असं मुळीच नाही. पण असा खोल, मुरत राहणारा, प्राणवायूला पारखा चिखल तिथे नव्हता.

खोल्याखोल्यांचं घर

अमोनाइट हे त्या प्राण्याचं नाव. ते इजिप्तच्या आमोन या देवाच्या, मेंढ्यासारख्या वळणदार शिंगांवरून आलं. इंग्लंडमध्ये व्हिटबीच्या किनाऱ्यावर त्याला लोक साप समजत आणि कवचाच्या टोकाला सापाचं डोकं कोरत. कुणाला शिंग दिसलं, कुणाला साप, आपल्याला चक्र. वज्रकीटाच्या कथेत मला जे भावतं ते हे की आत जे दिसतंय ते एखाद्या जिवाचं काम आहे, हे ती कथा सांगणाऱ्याने ओळखलं होतं.

हा प्राणी गोगलगायीसारखा दिसतो, पण गोत्र म्हाकुळाचं. कोळणीच्या टोपलीतलं म्हाकूळ, आठ पायांचा ऑक्टोपस, आणि वाळूत सापडणारा पांढरा हलका समुद्रफेस ज्याच्या पाठीत असतो तो कटलफिश, हे सगळे एकाच कुळातले. समुद्रफेस मोडून पाहिला तर आत बारीक बारीक कप्पे दिसतात. प्राणी त्यांत वायू भरून तरंगतो. अमोनाइटचं तंत्र तेच, फक्त कवच बाहेर आणि गुंडाळलेलं.

जुन्या वाड्याची कल्पना करा, ज्यात माणूस कायम सर्वांत पुढच्या ओसरीत राहतो. कुटुंब वाढलं की पुढे नवी, मोठी ओसरी बांधायची आणि मागची खोली भिंत घालून बंद करायची. अमोनाइट आयुष्यभर हेच करत गेला. बंद खोल्यांमधून एक बारीक नळी मागे शेवटपर्यंत जाई. तिच्यातून तो खोल्यांमधलं पाणी शोषून घेई आणि तिथे वायू भरे. कवच हलकं होई आणि प्राणी पाण्यात अधांतरी राही. प्रत्येक भिंत बाहेरच्या कवचाला जिथे मिळते तिथे नागमोडी रेघ उमटते, रांगोळीतल्या वेलबुट्टीसारखी, फाट्याला आणखी फाटे फुटलेली. ही नक्षी दर जातीची वेगळी. बरगड्या किती, त्या पुढे दुभंगतात की नाही, कवच फुगीर की चपटं, नक्षी कशी, यावरून जाणकार जात ओळखतात.

शेलच्या खालच्या भागात अमोनाइटबरोबर बंदुकीच्या गोळीसारखे लांबट, टोकदार दगड मिळतात. ते बेलेम्नाइट. हीसुद्धा म्हाकुळाची भावंडं, आणि ती गोळी म्हणजे त्यांच्या शरीराच्या आत शेपटाकडे असलेला कठीण भाग.

अमोनाइट ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले, डायनोसॉरांबरोबर. मेक्सिकोत आदळलेला अशनी हे त्याचं मुख्य कारण मानतात. त्याच सुमाराला आपल्या इथे दख्खनचा लाव्हा वाहत होता, आणि त्या विनाशात त्याचा हात किती यावर वैज्ञानिकांचे वाद चालू आहेत. आजीच्या स्वयंपाकघरात पाटा-वरवंटा होता, काळ्या कातळाचा. एका भिंतीच्या अलीकडे तो आणि पलीकडे देवघरात शाळिग्राम. शेवटचे अमोनाइट मरत होते त्या सुमाराचा एक दगड, आणि त्यांच्या ऐन बहराच्या काळातला दुसरा.

दगडाचं वय आणि गावाचं नाव

आता एक रास्त शंका. १४ कोटी, १६ कोटी हे आकडे आले कुठून? शेलवर तारीख लिहिलेली नसते. चिखलाचे कण दुसऱ्याच जुन्या डोंगरांतून झिजून आलेले असतात, त्यामुळे त्यांचं वय मोजलं तर त्या जुन्या डोंगरांचं वय कळेल.

इथे अमोनाइट कामाला येतात. ते भरभर बदलत गेले, एखादी जात काही लाख वर्षं टिकली आणि गेली, आणि पोहत-तरंगत असल्यामुळे या जाती समुद्रांत दूरवर पसरल्या. म्हणजे थोड्या काळापुरत्या छापलेल्या पण बऱ्याच देशांत चाललेल्या नाण्यासारख्या. शिवराई मिळाली की त्या थराचा काळ ढोबळमानाने सांगता येतो, तसं. स्पिती शेलमधल्या काही प्रजातींचे नातलग कच्छच्या जुरासिक खडकांत आहेत, नेपाळात आहेत, मादागास्करला आहेत. तेव्हा हे सगळे किनारे एकाच पाण्याला लागून होते.

यांतली एक प्रजात म्हणजे स्पितिसेरस, म्हणजेच ‘स्पितीचं शिंग’. ती अर्जेंटिनात अँडीज पर्वताच्या पायथ्याच्या खडकांतही मिळते. तिथल्या खडकांचे कालखंड पाडताना एका कालखंडाला तिचंच नाव दिलंय. त्या खडकांमध्ये ज्वालामुखीच्या राखेचे थर आहेत, आणि राखेतल्या झिरकॉन नावाच्या स्फटिकांतलं युरेनियम ठरलेल्या गतीने शिसं होत जातं. ते मोजलं की राखेचं वय आकड्यात मिळतं. राखेच्या वर-खाली असलेल्या अमोनाइटचं वय त्यावरून ठरतं, आणि तसा अमोनाइट जगात जिथे सापडेल तिथल्या थराचा काळ कळतो. लांग्झाच्या गोट्याचं वय असं अर्जेंटिनाच्या राखेवरूनही पडताळता येतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा किती तरी वेळ मी दुसरं काही वाचू शकलो नव्हतो.

जुरासिक कुठे संपतं आणि क्रिटेशस कुठे सुरू होतं, ही सीमा जगात अजून एकमताने पक्की झालेली नाही. सुमारे १४.५ कोटी वर्षांचा आकडा सर्वसाधारणपणे धरतात. ती सीमा स्पिती शेलच्या आतून जाते. वरवर सारख्या दिसणाऱ्या काळ्या उतारावर कुठेतरी.

या थराला नाव दिलं फर्डिनांड स्तोलिच्का याने. १८३८ मध्ये मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेकियात जन्मलेला हा तरुण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला आला आणि १८६४ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, सतलजवरून वर स्पितीत गेला. पुढच्या वर्षी पुन्हा गेला. १८६५ मध्ये त्याने जे लिहिलं त्यात या खोऱ्याचे थर पहिल्यांदा नीट क्रमाने मांडले गेले. थर जिथे सर्वांत चांगला दिसतो त्या जागेचं नाव त्याला द्यायचं, असा भूविज्ञानात रिवाज आहे. म्हणून काळ्या शेलवरचा हिरवट वालुकाश्म ‘ग्युमाल’ आणि त्यावरचा फिकट चुनखडक ‘चिक्किम’. दोन्ही स्पितीतली थोड्याशा घरांची गावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाच्या व्हिक्टर उलिग याने स्पिती शेलमधल्या जीवांचं मोठं सचित्र वर्णन छापलं, आणि १९०४ मध्ये हेन्री हेडनचं खोऱ्याच्या भूरचनेवरचं काम आलं. स्तोलिच्का तोवर राहिला नव्हता. मध्य आशियातल्या यारकंदहून परत येताना १८७४ मध्ये लडाखच्या उंचीवर तो वारला, छत्तीस वर्षांचा. लेहमध्ये त्याचं स्मारक आहे.

वर आला कसा

स्पिती शेलवर ग्युमालची वाळू पसरली, म्हणजे किनाऱ्याकडून पुन्हा जाड गाळ येऊ लागला. मग चिक्किमचा चुना, सूक्ष्म तरंगत्या जीवांच्या कवचांचा. तोवर भारत गोंडवनापासून सुटून उत्तरेला निघाला होता. एका टप्प्यावर त्याचा वेग वर्षाला १५ सेंटिमीटरच्या पुढे गेला, वीतभरापेक्षा थोडाच कमी. टेथिसचा मुख्य तळ आशियाखाली सरकत गेला. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारताची उत्तरेची कड आशियाला भिडली. त्या कडेवर साचलेले थर खाली जायला फार हलके होते. ते चुरगळले, घड्या पडून एकमेकांवर चढले आणि वर उचलले गेले. ही ढकल थांबलेली नाही, अजूनही वर्षाला काही सेंटिमीटर चालू आहे.

तीच समुद्रतळाची पट्टी झांस्करपासून स्पितीतून पुढे कुमाऊँ, नेपाळपर्यंत हिमालयाच्या मुख्य रांगेमागून जाते. नेपाळात मुस्तांगमध्ये काळी गंडकी ती पट्टी कापते आणि मग धवलगिरी आणि अन्नपूर्णा यांच्या मधल्या प्रचंड घळीतून दक्षिणेला उतरते. मुक्तिनाथ, कागबेनीच्या परिसरात काळे गोटे नदीत पडतात, घासले जातात, गुळगुळीत होतात. तो शाळिग्राम. म्हणजे देवघरातला आणि लांग्झाच्या उतारावरचा, दोघे एकाच समुद्राचे. एकाला नदी मिळाली, एवढाच फरक. आमच्या शाळिग्रामाला मी आजही गंध लावतो. आत कोण आहे हे कळल्यापासून हात जरा जपून चालतो.

गोटा उचलला की

लांग्झाला गेलात तर कुणीतरी लहान मूल हातातला गोटा पुढे करून किंमत सांगेल. त्या मुलाचा दोष नाही. वर्षातले कितीतरी महिने बर्फात अडकणाऱ्या गावात उन्हाळ्याचे दिवस हेच कमाईचे. पण तो गोटा घेऊ नका, आणि स्वतःही उचलू नका, असं मी मनापासून सांगतो. कारण वर जे सगळं लिहिलं, चिखलाची खोली, कालखंड, अर्जेंटिनाचं नातं, ते गोट्यात नाही. ते गोटा कोणत्या थरात होता, कुणाच्या वर आणि कुणाच्या खाली होता, त्यात आहे. पुण्याच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवलेला अमोनाइट देखणा दिसेल, पण तो कुठून आला हे कुणी विचारलं तर ‘हिमालयातून’ एवढंच सांगता येईल. उतारावर सुटा पडलेला गोटासुद्धा वरच्या कुठल्या तरी थरातून ओघळलेला असतो, आणि त्याच्यावरून तो थर शोधता येतो.

अशा जागांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये हरकती-सूचनांसाठी मांडला होता. कायद्याची वाट न पाहता करता येण्यासारखं म्हणजे फोटो. शेजारी पेन किंवा नाणं ठेवून, आजूबाजूचा थर दिसेल असा, फोनमधली जागेची नोंद चालू ठेवून. मग गोटा होता तसा ठेवायचा. आणि त्या मुलाला गोट्याचे पैसे देण्यापेक्षा, सोबत येऊन थर दाखवणाऱ्या गावातल्या माणसाला दिवसाची मजुरी द्या. अशी माणसं तिथे आहेत आणि त्यांना उताराची इंच न् इंच माहिती असते.

परतीच्या दिवशी काझा या स्पितीतल्या मुख्य गावाहून सतलजच्या दिशेने खाली येताना मी नदीकडेच बघत होतो. उन्हाळ्यात बर्फ वितळतं तेव्हा स्पितीचं पाणी गढूळ करडं असतं. त्यात काळ्या उतारांवरून सुटलेला भुगाही असतो. खाबला स्पिती सतलजला मिळते. तिथून बराचसा गाळ आता भाक्रा धरणात अडकतो. धरण नव्हतं तेव्हाची लाखो वर्षं तो पंजाबातून सिंधूला आणि सिंधूबरोबर अरबी समुद्रात जात होता. सिंधूच्या मुखापुढे समुद्राच्या तळाशी गाळाचा एक अवाढव्य पंखा पसरला आहे, काही ठिकाणी कित्येक किलोमीटर जाडीचा, गुजरात आणि कोकणाच्या पश्चिमेला खोल पाण्यात. एकदा दगड झालेला टेथिसचा चिखल तिथे पुन्हा चिखल होऊन बसला आहे, आणि वरच्या पाण्यात म्हाकुळं पोहतायत.